प्रकरण अभ्यास: तुर्भे-शिरवणे डोंगरपायथ्याचा हवाई नकाशा आणि तीन स्पर्धकांची तुलना

पार्श्वभूमी

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये बसणाऱ्या एका अभियांत्रिकी सल्लागार कार्यालयाकडे नवी मुंबईतल्या पावसाळी निचऱ्याच्या आराखड्याचं काम होतं. जागा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या दक्षिण भागातली. पूर्वेला पारसिक डोंगररांगेचा उतार आणि त्यावरच्या जुन्या दगडखाणी, पायथ्याशी तुर्भे ते शिरवणे कारखान्यांचे प्लॉट, आणि डोंगरावरून उतरून त्याच प्लॉटांमधून खाडीकडे जाणारे नाले. एकूण क्षेत्र 190 हेक्टर. त्यातलं 105 हेक्टर सपाट आणि बांधलेलं, 85 हेक्टर चढाचं. वाटेत लहानमोठ्या 37 मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणारे बांधीव मार्ग.

आराखड्यासाठी सपाट भागात अर्ध्या मीटरच्या आणि उतारावर एक मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) हव्या होत्या. समोच्च रेषांच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशापर्यंतच उंचीतली चूक चालते, असा सर्वेक्षणातला जुना हिशोब आहे. म्हणजे सपाट भागात सुमारे 17 सेंटिमीटर, उतारावर 33.

अमेरिका-ऑस्ट्रेलियात नियरमॅप, ईगलव्ह्यू अशा कंपन्या ठरावीक काळानं शहरं वरून टिपतात आणि छायाचित्रं वर्गणीवर विकतात. तिथं तुलना तयार मालाची होते: किती ताजं, किती स्पष्ट, वर्षाला किती पैसे. भारतात हवाई मोजणीचं काम बहुतेक वेळा मागणीनुसार ड्रोन उडवून होतं. मालच अजून तयार झालेला नसतो, त्यामुळे तुलना आश्वासनांची होते. या प्रकरणातल्या बऱ्याचशा अडचणी त्यातूनच निघाल्या.

अडचण

नोव्हेंबरमध्ये तीन कंपन्यांकडून या जागेच्या ड्रोन-मोजणीची दरपत्रकं आली.

कंपनी ‘अ’ ही ठाण्यातली जुनी सर्वेक्षण फर्म. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं उपकरण) आणि लेव्हल (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) यांच्या कामात मुरलेली, ड्रोनच्या कामात अलीकडे आलेली. कंपनी ‘ब’ लायडारवाली, म्हणजे लेझर स्पंदनं सोडून उंची मोजणारी. कंपनी ‘क’ मोठी, अनेक राज्यांत कामं केलेली. कामांच्या यादीत गावठाण मोजणी भरपूर होती, कारण 2020 मध्ये ड्रोननं गावठाणं मोजणारी स्वामित्व योजना सुरू झाल्यापासून या व्यवसायातल्या अनेकांचा हात त्याच कामावर बसला आहे. गावठाण मोजणीत घरांच्या कडा नीट लागतात. झाडीखालची जमीन शोधणं हे त्याहून पुष्कळ वेगळं काम आहे.

‘क’चा दर 100 धरला तर ‘अ’चा 140 आणि ‘ब’चा 330 होता. कार्यालयातला पहिला कल साहजिकच ‘क’कडे होता, कारण त्यांच्या पत्रकात ‘अचूकता 2 सेंटिमीटर’ असं ठळक छापलेलं होतं. ‘अ’नं 5 सेंटिमीटर लिहिलं होतं, ‘ब’नं 10. कागदावर सर्वांत स्वस्त तोच सर्वांत अचूक दिसत होता.

पत्रकं शेजारी ठेवून वाचल्यावर कळलं की तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. ‘क’चे 2 सेंटिमीटर म्हणजे छायाचित्रातल्या एका पिक्सेलनं जमिनीवर व्यापलेली लांबी. तो कॅमेऱ्याचा आणि उड्डाणाच्या उंचीचा गुण आहे, उंचीच्या खरेपणाशी त्याचा थेट संबंध नाही. ‘अ’चे 5 सेंटिमीटर उघड्या, कडक पृष्ठभागावरचे. ‘ब’नं विरळ झाडीसह आकडा दिला होता, म्हणून तो मोठा दिसत होता. सर्वांत प्रामाणिक आकडा सर्वांत वाईट दिसावा, असं या व्यवसायात वारंवार होतं. मागणीपत्रात अचूकता कुठं आणि कशी मोजायची हे ग्राहकानं लिहिलेलं नसतं, म्हणून ते होतं.

हवाई क्षेत्राचा पेच

दुसरी गोष्ट दरापेक्षा मोठी निघाली. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत, परवानगीविना उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर, सुमारे 60 मीटरवर येते. 5 ते 8 किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळं क्षेत्र लागतं, आणि तिथं संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणेची परवानगी लागते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. तुर्भ्याकडचा बहुतेक भाग 60 मीटरच्या पट्ट्यात गेला, आणि शिरवण्याकडचे सुमारे 40 हेक्टर पिवळ्यात.

‘अ’ आणि ‘क’ दोघांनीही 110 मीटर उंची धरून दर दिले होते. ‘क’नं जोडलेलं डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरच्या क्षेत्र-नकाशाचं चित्र तर कित्येक महिने जुनं होतं. उड्डाणाआधी हा नकाशा तपासणं नियमानं बंधनकारक आहे. दर देतानाही तो त्याच आठवड्यात पाहिलेला असावा.

110 वरून 60 मीटरवर आल्यानं काय बदलतं? ‘अ’चा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, 20 मिलिमीटर भिंगाचा. 110 मीटरवरून एका छायाचित्राची रुंदी साधारण 129 मीटर येते, 60 मीटरवरून 70. शेजारच्या पट्ट्यांत 70 टक्के आच्छादन (छायाचित्रांचा एकमेकांवर येणारा भाग) ठेवलं तर ओळींमधलं अंतर 39 मीटरवरून 21 वर येतं. पुढच्या दिशेला 80 टक्के आच्छादन धरलं तर 190 हेक्टरसाठी छायाचित्रं अंदाजे 2,900 ऐवजी 9,600 होतात. बॅटऱ्या, दिवस, प्रक्रियेचा वेळ, सगळं त्याच पटीत सरकतं. शिवाय दर 9 मीटरला एक छायाचित्र घ्यायचं तर ताशी 29 किलोमीटर वेगात कॅमेऱ्याला सव्वा सेकंदही मिळत नाही. वेग कमी करावा लागतो, आणि बॅटरी त्यात आणखी खर्च होते.

उतारानं यात भर घातली. उंची उड्डाणाच्या ठिकाणापासून मोजून ड्रोन एकाच पातळीत ठेवला तर पायथ्याशी सुरू झालेलं उड्डाण डोंगरावर आदळेल. माथ्यावरून सुरू केलं तर खालच्या जमिनीपासूनची उंची मर्यादेबाहेर जाईल. म्हणजे जमिनीच्या चढउताराप्रमाणे उडणं आलं, आणि त्यासाठी आधी ढोबळ उंची-प्रतिमान, म्हणजे जमिनीच्या उंचींचा संगणकीय नकाशा, हवं. मोफत मिळणारी 30 मीटर अंतराची प्रतिमानं सुरुवातीला चालतात, पण खाणीचे उभे कडे त्यांत गुळगुळीत होतात आणि उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे तर दिसतच नाहीत. ते पायी फिरून नोंदवावे लागतात.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय ‘क’ला संपूर्ण काम देण्याचा. दुसरा ‘ब’कडून सगळ्या 190 हेक्टरवर लायडार. तिसरा उपग्रहाचा: 30 सेंटिमीटर दर्जाच्या जोडछायाचित्रांवरून उंची काढता येते आणि परवानग्यांचा प्रश्नही उरत नाही, पण उंचीतली चूक मीटरच्या घरात राहते. पाणलोटाची सीमा पाहायला ते चालेल, नाल्याच्या आराखड्याला नाही. चौथा पर्याय सगळं काम टोटल स्टेशननं करण्याचा. सपाट भागात ते शक्य होतं, पण घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या 85 हेक्टर उतारावर पावसाळ्याआधी ते आटोपलं नसतं.

पाचवा पर्याय, म्हणजे काम वाटून देणं, कार्यालयाला आधी नको होता. दोन कंपन्यांचे पृष्ठभाग जोडताना शिवणीवर पायरी पडते, आणि मग चूक कोणाची यावर पत्रव्यवहार सुरू होतो. ही भीती रास्त होती, आणि पुढं त्यावरच सर्वांत जास्त मेहनत घ्यावी लागली.

निर्णयाचा पहिला टप्पा: चाचणीचा तुकडा

प्रकल्पप्रमुखांनी दर बाजूला ठेवून तिघांनाही 60 मीटरच्या पट्ट्यातला 8 हेक्टरचा एकच तुकडा दिला, ठरावीक मोबदला देऊन. फुकट चाचणी मागितली की कंपन्या उरलेल्या वेळात, हाताशी असेल तो माणूस पाठवतात. पैसे दिले तर जे पथक पुढं काम करणार तेच येतं.

तुकडा विचार करून निवडला होता. त्यात डांबरी रस्ता, पत्र्याची छपरं, नाल्याचा भाग आणि झाडीचा उतार, चारही होते. कार्यालयाच्या सर्वेक्षकांनी त्यात कंपन्यांचं काम पडताळण्यासाठी 24 तपासबिंदू आधीच मोजून ठेवले: 12 उघड्यावर, 12 झाडी-गवताखाली. उघड्यावरचे बिंदू म्हणजे काँक्रीटमध्ये ठोकलेला खिळा आणि भोवती पांढरी फुली. झाडीखालचे बिंदू मोजायला स्टाफ, म्हणजे उंची मोजायची खुणांची पट्टी, जाळीत उभा धरावा लागला. तिथं स्टाफचं टोक पालापाचोळ्यावर टेकतं की खालच्या मुरमावर, हे दर वेळी हातानं चाचपून पाहिलं, कारण तिथंच पाच-सात सेंटिमीटर सहज हरवतात. सगळ्या उंची लेव्हलनं बेंचमार्कवरून, म्हणजे ज्ञात उंचीच्या कायम खुणेवरून, आणल्या. कंपन्यांना प्रतिमान बसवण्यासाठी फक्त 5 नियंत्रणबिंदू, म्हणजे जागा आणि उंची माहीत असलेले बिंदू, दिले. तपासबिंदूंची जागा आणि उंची दोन्ही दिली नाहीत.

‘क’च्या अहवालात चूक 2 सेंटिमीटर लिहिलेली होती. ती दिलेल्या नियंत्रणबिंदूंवरच मोजलेली होती. ज्या बिंदूंवर प्रतिमान ताणून बसवलं त्याच बिंदूंवर चूक मोजली तर ती लहानच येणार. स्वतंत्र तपासबिंदूंवर त्यांची उघड्या जागेतली सरासरी चूक 38 सेंटिमीटर निघाली.

इथं घाईनं निकाल लागला असता, पण सर्वेक्षकानं फरकांची यादी पाहून हरकत घेतली: “सर, सगळे फरक एकाच बाजूला आहेत. मोजणी बिघडलेली नाही, शून्य सरकलंय.” तो बरोबर होता. 38 सेंटिमीटर वजा केल्यावर उरलेला विखुरलेपणा अवघा 5 सेंटिमीटर होता. उपग्रह-मापनातून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरची असते, अभियंत्याला हवी असते ती समुद्रसपाटीपासूनची. मुंबई परिसरात या दोन उंचींत 60 मीटरहून जास्त अंतर आहे. ते कोणत्या प्रतिमानानं वजा केलं आणि स्थानिक बेंचमार्कशी पडताळलं का, यावर सगळं अवलंबून असतं. ‘क’नं सर्वसाधारण जागतिक प्रतिमान लावलं होतं. दिलेल्या नियंत्रणबिंदूंचे फक्त आडवे निर्देशांक घेतले आणि त्यांच्या उंची आपल्याच मापनाच्या वापरल्या. त्यांच्या अहवालात ही चूक कुठंच दिसत नव्हती.

‘अ’ची उघड्यावरची चूक 4 सेंटिमीटर, पण झाडीखाली त्यांचा पृष्ठभाग सरासरी 90 सेंटिमीटर वर. छायाचित्राला दिसतो तो झुडपाचा माथा, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. ‘ब’ची चूक उघड्यावर 6, झाडीखाली 17 सेंटिमीटर. त्यातही उंच वाळलेल्या गवतात ‘ब’चे बिंदू 25 ते 30 सेंटिमीटर वर होते. लेझर फांद्यांमधल्या फटींतून खाली जातो, पण दाट गवतात फट नसते आणि सॉफ्टवेअर गवताच्या शेंड्यालाच जमीन समजतं. नाल्यातल्या साचलेल्या पाण्यावर लायडारचे परतावे, म्हणजे परत येणारी स्पंदनं, जवळजवळ आलेच नाहीत, तिथं मोकळी भोकं राहिली.

निर्णयाचा दुसरा टप्पा: दर समान पायावर आणणं

तिघांना सुधारित पत्रक मागितलं, आणि त्यात सर्वांना एकच अटी घातल्या. उड्डाण 60 मीटरच्या मर्यादेत. उंची स्थानिक बेंचमार्कवर बांधलेली. अचूकता फक्त ग्राहकाच्या तपासबिंदूंवर मोजली जाईल. मूळ छायाचित्रं किंवा लायडारनं मोजलेल्या बिंदूंचा मूळ संच ग्राहकाला मिळेल. मोऱ्यांची तळपातळी लेव्हलनं. नापास भागाचं पुन्हा उड्डाण कंपनीच्या खर्चानं. वैमानिकाचं प्रमाणपत्र, ड्रोनचा ओळख क्रमांक आणि त्रयस्थ-पक्ष विमा पत्रकासोबत.

प्रक्रिया भारतात करण्याची अटही होती. 15 फेब्रुवारी 2021 च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्यात 1 मीटर आणि उंचीत 3 मीटरपेक्षा बारीक माहिती भारतीय संस्थांनीच तयार करायची आणि ती भारतातच साठवून प्रक्रिया करायची असते. ‘क’ परदेशी सर्व्हरवर प्रक्रिया करत होती. हे विचारलं नसतं तर कळलंच नसतं.

सुधारित आकडे आले, मूळ ‘क’च्या 100 च्याच मापात: ‘क’ 190, ‘अ’ 205, ‘ब’ 385. स्वस्त आणि मध्यम यांतलं 40 चं अंतर 15 वर आलं. मोऱ्यांच्या कामासाठी ‘क’ बाहेरचा उपकंत्राटदार आणणार होती, ‘अ’चं स्वतःचं पथक होतं.

निवड

सपाट 105 हेक्टर, सर्व मोऱ्या आणि संपूर्ण क्षेत्राचं नियंत्रणजाळं ‘अ’ला दिलं. उताराचे 85 हेक्टर ‘ब’ला. शिवणीसाठी तीन गोष्टी करारात लिहिल्या: दोघांनी ‘अ’चेच नियंत्रणबिंदू वापरायचे, पायथ्यालगतचा 50 मीटर रुंदीचा पट्टा दोघांनीही मोजायचा, आणि त्या पट्ट्यातली तफावत 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त निघाली तर दोघांनी एकत्र जागेवर येऊन तपासायचं.

मोऱ्यांना हवाई मोजणीतून पूर्ण वगळलं, आणि तो निर्णय अगदी योग्य होता. 1:800 उताराच्या गटारात 100 मीटरला पाणी साडेबारा सेंटिमीटरच उतरतं. 5 सेंटिमीटर चुकीच्या पृष्ठभागावर असा उतार ठरवता येत नाही, आणि मोरीचा तळ वरून दिसतही नाही.

प्रत्यक्ष काम

‘अ’नं सपाट भाग फेब्रुवारीत सकाळच्या वेळात उडवला. दुपारी खाडीवरून वारा वाढतो आणि पत्र्यांवरची चकाकी छायाचित्रं जाळते. पत्रे निवळ पांढरे आले की जुळणीला खुणाच उरत नाहीत आणि छपराच्या कडा वितळल्यासारख्या येतात. स्थानिक पोलीस ठाण्याला दर वेळी लेखी कळवलं, कारण ड्रोनबंदीचे आदेश आयुक्तालयाकडून वेळोवेळी निघतात आणि हिरवं क्षेत्र असलं तरी ते लागू होतात.

‘ब’चं उड्डाण मुद्दाम मार्चअखेरीपर्यंत थांबवलं. पानझडी झाडं तोवर उघडी होतात आणि गवत आडवं पडतं. चाचणीत 25-30 सेंटिमीटर चूक आलेल्या गवताच्या जागी मार्चमध्ये ती 12 वर आली. उपकरण, वैमानिक, उंची तीच होती, फक्त महिना वेगळा.

पिवळ्या क्षेत्रातल्या 40 हेक्टरसाठी अर्ज जानेवारीअखेर गेला. 28 हेक्टरचं उड्डाण वेळेत झालं. दक्षिण टोकाच्या 12 हेक्टरची परवानगी मेपर्यंत आली नाही, म्हणून तो तुकडा टोटल स्टेशननं विरळ बिंदू घेऊन केला.

निष्पत्ती

जोडपट्ट्यात दोन्ही पृष्ठभागांची सरासरी तफावत 4 सेंटिमीटर आली. एका ठिकाणी ती 22 होती. दोन्ही पथकं जागेवर गेली तेव्हा दिसलं की दोन उड्डाणांमधल्या काळात तिथं ताज्या मुरमाचे ढीग टाकले गेले होते. मोजणी दोघांचीही बरोबर होती. ढिगांखालच्या जमिनीसाठी ‘अ’चा फेब्रुवारीचा पृष्ठभाग धरला, आणि नाल्याच्या तोंडाशी भराव पडतो आहे ही नोंद आराखड्यात गेली.

सर्वांत मोठा लाभ उतारावर झाला. लायडारमध्ये झाडीखाली जुन्या खाणीची एक बाक, म्हणजे उतार कापून केलेली सपाट पायरी, स्पष्ट दिसली. ती बाक सुमारे 14 हेक्टरचं पाणी आडवं वळवून उत्तरेकडच्या नाल्यात नेते. जुन्या नकाशांवर ते क्षेत्र दक्षिणेच्या नाल्याचं धरलेलं होतं. त्यावर विसंबून दक्षिणेची मोरी रुंद करायची योजना होती, ती थांबली. उत्तरेच्या दोन मोऱ्यांची गणितं नव्यानं झाली आणि दोन्ही अपुऱ्या निघाल्या.

काय वेगळं करता आलं असतं

हवाई क्षेत्राची तपासणी दर मागवण्याआधी व्हायला हवी होती. क्षेत्राचे हिरवे-पिवळे तुकडे, प्रत्येकाची कमाल उंची आणि हेक्टर मागणीपत्रालाच जोडले असते तर पहिली फेरी वाया गेली नसती. पिवळ्या भागाचा अर्ज कंपनी ठरायची वाट न पाहता तयार ठेवता आला असता. निदान जागेची हद्द, उंची, तारखांचा अवधी आणि कामाचा हेतू हे कागद तरी.

नियंत्रणजाळं सुरुवातीला एकाच बेंचमार्कवर बांधलं होतं. मार्चमध्ये दुसऱ्या बेंचमार्कशी जोडल्यावर 7 सेंटिमीटरचा फरक निघाला आणि तिसऱ्यापर्यंत लेव्हल नेऊन पहिला खचलेला असल्याचं ठरवावं लागलं. तोवर ‘अ’चा पृष्ठभाग सुपूर्द झालेला होता, आणि सगळ्या उंची बदलून तो पुन्हा काढावा लागला. दोन बेंचमार्कांमधली बंद लेव्हल-फेरी हे चाचणीच्या तुकड्याच्याही आधीचं काम आहे.

‘क’ला बाद करण्याचं कारण त्यांना लेखी कळवलं, बिंदूंच्या यादीसह. त्यांची छायाचित्रण-गुणवत्ता चांगली होती. उंचीचा पाया आणि स्वतंत्र तपासणी त्यांनी सुधारली तर सपाट क्षेत्राच्या पुढच्या कामाला त्यांना पुन्हा बोलवायला हरकत नाही, असं कार्यालयाच्या टिपणात नोंदलेलं आहे.

दक्षिणेच्या 12 हेक्टरमध्ये टोटल स्टेशनचे बिंदू सरासरी 15 मीटर अंतरावर आहेत, त्यामुळे तिथल्या समोच्च रेषा आराखड्यात तुटक रेषेनं दाखवल्या आहेत आणि त्या भागातल्या चार मोऱ्यांचं संकल्पन तात्पुरतं धरलं आहे. उड्डाणाचा नवा अर्ज ऑक्टोबरमध्ये जाईल, मार्चच्या तारखांसाठी.